अणूंनी मांडलेला निसर्गाचा हिशेब



मोठे धरण बांधायचे झाले म्हणजे अभियंते आधी त्याची लहानशी प्रतिकृती उभारतात, तीतून पाणी सोडतात आणि सांडव्याखालची जमीन कोठे खचते, गाळ कोठे साचतो, हे डोळ्यांनी पाहून घेतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जी जल व विद्युत संशोधन संस्था आहे, तिचे मूळ १९१६ सालचे. असल्या प्रतिकृतींसाठी तिची ख्याती आहे. पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे ठाऊक असताना प्रतिकृतीचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. समीकरण माहीत असणे वेगळे आणि ते सोडवता येणे वेगळे. उसळत्या पाण्याचे गणित जेथे कागदावर आटोपत नाही, तेथे पाण्यालाच ते करून दाखवायला सांगावे लागते.

आजचा विषय याच जातीचा आहे. मात्र येथे पाण्याच्या जागी द्रव्याच्या अंतरंगातील बले आहेत. इलेक्ट्रॉनला अणूत धरून ठेवणारे विद्युत्बल आणि प्रोटॉनच्या पोटातील क्वार्क नावाच्या कणांना बांधून ठेवणारे तीव्र बल, या दोहोंचे शास्त्र ज्या सिद्धान्तांनी सांगितले जाते, त्यांना 'गेज सिद्धान्त' असे नाव आहे. त्यांची समीकरणे आपल्या हाती आहेत. पण त्यांतून निघणारे कित्येक प्रश्न जगातील मोठ्यात मोठ्या संगणकांनाही सुटत नाहीत. म्हणून गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी अणूंचीच प्रतिकृती मांडून तिला हे प्रश्न विचारण्यास आरंभ केला आहे. ही प्रतिकृती काय दाखवते आणि तिच्या दाखवण्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हे आज आपण पाहू.

प्रथम 'गेज' या शब्दाकडे वळू. ब्रॉडगेज, मीटरगेज या रेल्वेच्या भाषेमुळे तो आपल्या कानांवरून गेलेला आहे. गेज म्हणजे माप. या अर्थाचा जर्मन शब्द हेर्मान वाइल या गणितज्ञाने १९१८ साली भौतिकशास्त्रात आणला. त्याच्या विचाराचे मर्म समजण्यासाठी दशमान मापे येण्यापूर्वीचे आपले बाजार आठवावे. पायली हे नाव सर्वत्र एकच. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असा नेम नसे. समजा, अशी चार गावे वाटोळ्या रस्त्याने एकमेकांस जोडलेली आहेत आणि दर दोन गावांच्या मधल्या नाक्यावर एक पाटी लावलेली आहे: 'इकडची एक पायली म्हणजे तिकडची सव्वा पायली.' आता एका गावाने ठरवले, की आपली पायली निम्मी करावी. तसे झाल्यास त्या गावच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांवरील आकडे तेवढे बदलावे लागतील. कोठारातील धान्याचा एक दाणाही कमी-जास्त होणार नाही. प्रत्येक गावाला आपले माप ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे. मात्र ते स्वातंत्र्य द्यायचे, तर मधल्या पाट्यांवाचून गत्यंतर नाही.

आता एक पायली जोंधळा हिशेबात धरून चारही गावांतून फिरून मूळ गावी परत या. पाट्यांप्रमाणे हिशेब करता करता एकाची एक पायली भरली, तर सर्व ठीक. पण एकाची सव्वा पायली झाली, तर? कोणत्याही गावाने आपले माप कितीही बदलले, तरी ही तफावत नाहीशी होणार नाही. एका पाटीवरून ती पुसली, तर दुसऱ्या पाटीवर उमटेल. मापाच्या निवडीवर अवलंबून नसलेली ही तफावत म्हणजेच भौतिकशास्त्रातील खरेखुरे क्षेत्र. विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे ही अशा पाट्यांच्या फेरीत शिल्लक राहणारी तफावत आहे.

वाइलने आरंभी हा विचार लांबीच्या मापाला लावला आणि तेथे तो टिकला नाही. तसे असते तर अणूंच्या प्रकाशाचे रंग त्या अणूंच्या पूर्वप्रवासावर अवलंबून राहिले असते, असा आक्षेप आइन्स्टाइनने घेतला आणि तो बिनतोड होता. पुढे क्वांटम भौतिकी आली. इलेक्ट्रॉनच्या लहरीला प्रत्येक ठिकाणी घड्याळाच्या काट्यासारखी एक दिशा असते, असे तिने दाखवले. १९२९ साली वाइलने तोच विचार लांबीऐवजी या काट्याला लावला. काट्याचे 'बारा' कोठे मानायचे, हे प्रत्येक ठिकाणाने आपापले ठरवावे. शेजाऱ्याशी मेळ घालणारी पाटी म्हणजे विद्युत्चुंबकीय क्षेत्र. १९५४ साली यांग आणि मिल्स यांनी या कल्पनेचा विस्तार केला. त्यांच्या पाटीवर एकच आकडा नसून आकड्यांचा तक्ता असतो, आणि कोणता तक्ता आधी लावला व कोणता मागून, यावर उत्तर बदलते. क्वार्कांना बांधणाऱ्या तीव्र बलाचा सिद्धान्त याच घराण्यातला आहे.

या स्वातंत्र्याबरोबर एक कडक शिस्त येते, आणि आजच्या भाषणाचा कणा तीच आहे. तिला गाउसचा नियम म्हणतात. अवकाशातील कोणताही बिंदू घ्या. त्यातून बाहेर जाणाऱ्या विद्युत्-रेषांतून आत येणाऱ्या रेषा वजा केल्या, तर बाकी त्या बिंदूवरील विद्युत्भाराइतकीच आली पाहिजे. आवक, जावक आणि शिल्लक. हा ताळेबंद साऱ्या विश्वाचा एकदम जुळून भागत नाही. तो प्रत्येक बिंदूवर, प्रत्येक क्षणी, स्वतंत्रपणे जुळावा लागतो. एका ठिकाणची तूट दुसऱ्या ठिकाणच्या शिलकेने भरून काढण्याची मुभा निसर्ग देत नाही.

आता या सिद्धान्तांपुढील कोडे पाहू. विद्युत्भारातून निघालेल्या रेषा चहूकडे पसरतात, म्हणून अंतर वाढले की बल क्षीण होते. क्वार्कांचे तसे नाही. त्यांच्यामधल्या रेषा एकत्र येऊन त्यांचा जणू एक ताणलेला धागा बनतो. क्वार्क कितीही दूर ओढा, ओढ कमी होत नाही. आणि ही ओढ दहा टनांहून अधिक वजनाइतकी आहे. ओढता ओढता धाग्यात इतकी ऊर्जा साठते, की तो तुटतो आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना क्वार्क व प्रतिक्वार्क नव्याने जन्माला येतात. म्हणून एकटा क्वार्क कोणालाच सापडलेला नाही. प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा शंभरात सुमारे एक इतकाच आहे. बाकीचे सारे त्यांच्या गतीतून आणि या बंधनाच्या ऊर्जेतून येते. आपल्या हातातील तांदळाच्या मुठीचे वजनदेखील बव्हंशी या धाग्यांचेच वजन आहे.

या धाग्याचे गणित करण्याची वाट केनेथ विल्सन याने १९७४ साली दाखवली. त्याने अखंड अवकाशाऐवजी बिंदूंचे जालक कल्पिले. क्वार्क बिंदूंवर ठेवले आणि बलाचे क्षेत्र बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर. आपली गावे आणि नाक्यांवरील पाट्या हीच ती मांडणी. या जालकावर संगणकाने असंख्य शक्य मांडण्यांतून नमुने निवडून सरासरी काढायची, ही रीत मायकेल क्रॉइट्झ याने १९८० च्या सुमारास रूढ केली. तिचे यश लहान नाही. २००८ साली युरोपातील एका गटाने प्रोटॉन व त्याच्या भाईबंदांची वस्तुमाने या रीतीने मोजली, ती प्रयोगाशी उत्तम जुळली.

मग अडले कोठे? नमुने घेऊन सरासरी काढण्याची रीत तेव्हाच चालते, जेव्हा प्रत्येक मांडणीचे वजन धन असते. एखाद्या पेढीत जमा लाखो रुपयांची, खर्चही लाखो रुपयांचा, आणि शिल्लक मात्र चार आणे असेल, तर खातेवहीची पाने मधूनमधून चाळून ती शिल्लक कळणार नाही. एकूण एक नोंद बेरजेत धरावी लागेल. क्वार्कांचे गणित दोन ठिकाणी असेच होऊन बसते: एक, काळ पुढे सरकत असताना घटना कशी उलगडते हे पाहताना, दुसरे, न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्याप्रमाणे द्रव्य अतिशय दाटलेले असताना. धन आणि ऋण वजने एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. यास 'चिन्हाची अडचण' म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी दाट द्रव्याच्या बाबतीत या अडचणीला वळसा घालण्याच्या रीतीवर महत्त्वाचे काम केले. विरळ द्रव्याचे गणित आधी करून त्यावरून पायरी पायरीने पुढचे अनुमान करायचे, असा तो मार्ग आहे. पण वळसा कितीही कौशल्याचा असला, तरी तो कोठवर नेईल याला मर्यादा असते.

नमुने न घेता सर्व मांडण्या लिहूनच काढू म्हटले, तर तेही शक्य नाही. 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच अवस्था असलेले ३०० बिंदू घेतले, तर त्यांच्या मांडण्यांची संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजी संख्येहून अधिक होते. रिचर्ड फाइनमन याने १९८१ सालच्या एका भाषणात यावरून सरळ निष्कर्ष काढला: निसर्ग जर क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याची नक्कल करणारे यंत्रही क्वांटम नियमांनीच चालणारे हवे. अशा यंत्रातील घटकाला क्यूबिट म्हणतात. तो 'आहे' आणि 'नाही' या दोन्ही अवस्था एकाच वेळी अंगी बाळगू शकतो. म्हणून ३०० क्यूबिटांना त्या अफाट मांडण्या लिहून ठेवाव्या लागत नाहीत. त्या त्यांच्या स्थितीतच सामावतात.

गेज सिद्धान्ताच्या बाबतीत हे प्रथम प्रत्यक्षात उतरवले, ते ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील संशोधकांनी, २०१६ साली. राइनर ब्लाट यांची प्रयोगशाळा आणि पेटर झोलर यांचा सैद्धान्तिक गट यांनी मिळून हे काम केले. त्यांनी निवडलेला प्रश्न ज्युलियन श्विंगर याने १९६२ साली मांडलेल्या एका साध्या नमुन्यातला होता. त्या नमुन्यात अवकाश एकाच रेषेचा असतो. रेषेवर विद्युत्-रेषांना पसरायला जागाच नसल्याने तेथील साधे विद्युत्बलही क्वार्कांच्या बलाप्रमाणे अंतराने कमी होत नाही. म्हणून क्वार्कांचा धडा गिरवण्यासाठी ही उत्तम पाटी आहे. प्रश्न असा होता: रिकाम्या निर्वातातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या कशा जन्मतात? खऱ्या निर्वातात हे घडवून आणण्यास मीटरमागे एकावर अठरा शून्ये इतक्या व्होल्टांचे विद्युत्क्षेत्र लागेल.

इन्सब्रुकच्या प्रयोगात कॅल्शियमचे चार आयन निर्वात पात्रात विद्युत्क्षेत्राने अधांतरी एका ओळीत धरलेले होते. एक आयन म्हणजे जालकाचा एक बिंदू. एकाआड एक बिंदू इलेक्ट्रॉनसाठी आणि पॉझिट्रॉनसाठी राखलेले. आयनाच्या दोन अवस्थांपैकी एकीचा अर्थ 'जागा रिकामी', दुसरीचा 'कण हजर'. मग दुव्यांवरील क्षेत्राचे काय केले? येथे गाउसच्या नियमाने मदत केली. एका रेषेवर कोठे कोणता भार आहे हे कळले, की आवक-जावकीच्या हिशेबाने प्रत्येक दुव्यावरचे क्षेत्र आपोआप ठरते. म्हणून संशोधकांनी पाट्या काढूनच टाकल्या आणि त्यांचा परिणाम आयनांमधील दूरवर पोहोचणाऱ्या परस्परक्रियांत गुंफला. लेसरच्या साहाय्याने दोनशेहून अधिक क्रिया एकामागून एक केल्यावर चित्र उमटू लागले. आरंभी रिकामी असलेली ओळ, मग कणांच्या जोड्यांची वाढ, आणि पुढे त्याच जोड्या परस्परांत मिळून नाहीशा होताना संख्येत उतार. उपकरणातील चुका ध्यानात घेतल्यावर हे चित्र सिद्धान्ताशी जुळले.

चार बिंदूंचे गणित शाळकरी संगणकही सहज करील, हे खरे. पण या प्रयोगाचे मोल उत्तरात नव्हते. गेज सिद्धान्तातील घटना काळाबरोबर पुढे सरकत असताना तिला प्रयोगशाळेत पाहता येते, याचा तो दाखला होता.

पाट्या काढून टाकण्याची युक्ती मात्र एका रेषेपुरतीच आहे. पृष्ठभाग किंवा अवकाश आला, की क्षेत्राला स्वतःचे स्वतंत्र जीवन असते आणि ते प्रतिकृतीत ठेवावेच लागते. ठेवले, की यंत्राच्या बारीकशा चुकीनेही कोठेतरी आवक-जावक बिघडू शकते. आणि हिशेब बिघडला, की प्रतिकृती गेज सिद्धान्ताची राहतच नाही. २०२० साली चीनमधील हफै आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी या अडचणीला उत्तर दिले. त्यांनी लेसरच्या प्रकाशाने ७१ खळग्यांची ओळ तयार केली आणि तीत अतिशीत रुबिडियमचे अणू ठेवले. एकाआड एक खळगे द्रव्याचे आणि मधले क्षेत्राचे. द्रव्याच्या दोन शेजारी खळग्यांतील एकेक अणू मधल्या क्षेत्राच्या खळग्यात जोडीनेच शिरू शकतील, एकटा अणू शिरणे ऊर्जेच्या दृष्टीने फार महाग पडेल, अशी खळग्यांची खोली ठरवलेली होती. नियम मोडणाऱ्याला जबर दंड, नियम पाळणाऱ्याला वाट मोकळी. शेवटी त्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिले, की गाउसच्या नियमाचा भंग किती झाला. तो अल्पच निघाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. यंत्राने उत्तर तर द्यावेच, पण आपला ताळेबंद तपासणीसाठी उघडाही ठेवावा, हा दंडक तिने घालून दिला.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने आयबीएमच्या यंत्रावर ११२ क्यूबिट वापरून श्विंगरच्या नमुन्यातील बद्ध कणांची हालचाल दाखवली. २०२५ साली दोन गटांनी रेषा सोडून पृष्ठभागावर पाऊल टाकले. गूगलच्या अतिसंवाहक क्यूबिटांच्या यंत्रावर दोन भारांमधील धागा कसा थरथरतो आणि बंधन वाढवत नेले की तो कसा ताठरतो, हे पाहता आले. दुसऱ्या गटाने लेसरच्या चिमट्यांनी मांडलेल्या रुबिडियम अणूंच्या यंत्रावर धागा तुटण्याची घटना निरखली. क्वार्कांच्या बाबतीत जी गोष्ट आपण अनुमानाने जाणतो, तिची ही साधी, पण डोळ्यांनी पाहता येण्याजोगी आवृत्ती.

क्वार्कांच्या खऱ्या सिद्धान्ताकडे जाताना हिशेबाची पद्धतच सुटसुटीत करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यांतील एका प्रयत्नाचा गोव्याशी संबंध आहे. इंद्राक्षी रायचौधुरी आणि जेसी स्ट्रायकर यांनी २०२० साली अशी मांडणी प्रसिद्ध केली, की जीत क्षेत्राची बंद वळणे, धागे आणि बद्ध कण हेच मूळ घटक धरले जातात. अशी भाषा निवडली, की बिंदूवरचा बराचसा ताळेबंद तिच्यातच जुळलेला असतो. तो वेगळा सांभाळण्याचे कष्ट वाचतात. रायचौधुरी यांनी पुढे हे काम गोव्यातील बिट्स पिलानीच्या शाखेत चालू ठेवले.

मग न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात काय आहे, हे आता ही यंत्रे सांगतील काय? आज नाही. तीन मितींच्या अवकाशातील क्वार्कांचा संपूर्ण सिद्धान्त अजून कोणत्याही क्वांटम यंत्रावर मांडलेला नाही. प्रत्येक दुव्यावरच्या क्षेत्राला असंख्य मूल्ये घेता येतात. यंत्रावर त्यांतील मोजकीच ठेवावी लागतात. जालकाचे बिंदू एकमेकांच्या जवळ आणत नेले, की लागणारे क्यूबिट भराभर वाढतात. शिवाय उष्णता, लेसरची अस्थिरता आणि भोवतालचा गोंगाट यांमुळे प्रत्येक क्रियेत थोडी चूक शिरते आणि हजारो क्रियांत ती साचत जाते.

म्हणून वर्तमानपत्रात 'क्वांटम यंत्राने विश्वाचे रहस्य उलगडले' असा मथळा दिसला, तर वाचकाने तीन प्रश्न मनाशी विचारावे. प्रतिकृती कोणत्या सिद्धान्ताची आणि किती मितींची होती? साध्या संगणकाने ते उत्तर पडताळून पाहिले काय, आणि पाहिले नसेल तर यंत्राच्या चुका कशा मोजल्या? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: बिंदूबिंदूवरचा हिशेब जुळत होता, हे त्यांनी दाखवले काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे स्पष्ट दिलेली असतील, तेथे चार आयनांच्या प्रयोगालाही मान द्यावा. जेथे ती नसतील, तेथे हजार क्यूबिटांनीही भुलू नये.

ज्या दिवशी अशी यंत्रे साध्या संगणकाच्या आवाक्यापलीकडे जातील, त्या दिवशी त्यांचे उत्तर ताडून पाहायला दुसरे साधन आपल्यापाशी उरणार नाही. तेव्हा गाउसच्या नियमासारखे बिंदूबिंदूचे ताळेबंद हेच आपले मोठे लेखापरीक्षक असतील. हिशेब जुळला म्हणून उत्तर बरोबरच, असे मात्र नाही. पण जो हिशेब जुळत नाही, तो कोणत्याही यंत्रातून आलेला असो, चुकलेलाच असतो. म्हणून चार आयनांच्या ओळीपासूनच हा ताळेबंद चोख ठेवण्याची सवय शास्त्रज्ञ लावून घेत आहेत.